उबेसाठी बांधलेली खोली

क्रुमबाख हे ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाचे, जेमतेम हजारभर वस्तीचे गाव. २०१४ साली तिथे सात नवे बसथांबे उभे राहिले आणि जगभरातले वास्तुकार ते पाहायला येऊ लागले. चीनचे वांग शू, जपानचे सोऊ फुजिमोतो, रशियाचे अलेक्झांडर ब्रॉडस्की अशा नामवंतांनी त्यांची रचना केली होती. मोबदला म्हणून त्यांना मिळाली ती याच डोंगरात घालवायची सुट्टी. सातांपैकी चिलीच्या स्मिलयान रादिच यांचा थांबा सर्वांत गमतीचा. काचेच्या भिंती, डोक्यावर काळ्या काँक्रीटचे चौकटी-चौकटींचे छत, आत शेतकऱ्याच्या घरातून उचलून आणाव्यात तशा लाकडी खुर्च्या आणि बाहेर पक्ष्यांसाठी एक छोटे घरटे. बसची वाट पाहणारा माणूस चक्क कुणाच्या तरी बैठकीत बसतो.

ही बैठक रादिच यांनी मनाने रचलेली नाही. या खोऱ्यातल्या प्रत्येक जुन्या घरात ती आहे, फक्त तिथे काँक्रीटच्या जागी लाकूड असते. जर्मन बोलणारे लोक तिला ‘श्टुबे’ म्हणतात. आल्प्समधल्या लाकडी हॉटेलांचे अंतरंग समजून घ्यायचे तर आधी या खोलीत बसावे लागते, कारण तिथली चांगली हॉटेले आजही तिच्याच हिशेबाने बांधली जातात.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहली बहुधा इंटरलाकेन, टिटलिस, युंगफ्राउयोख असा रस्ता धरतात. लाकडाच्या शोधात निघालेल्या प्रवाशाला त्याहून पूर्वेकडे वळावे लागते. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठच्या ब्रेगेंत्सपासून सुरुवात करायची, ब्रेगेंत्सरवाल्डच्या खोऱ्यातून स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात शिरायचे, एंगाडिन ओलांडायचे आणि इटलीतल्या दक्षिण तिरोलमध्ये उतरायचे. तीन देश, जर्मन, रोमांश आणि इटालियन अशा तीन भाषा, आणि सगळीकडे रेल्वे किंवा बस. स्वतःची गाडी लागत नाही.

आता त्या खोलीविषयी. जुन्या काळी डोंगरातल्या घरात आग पेटायची ती स्वयंपाकघरात, आणि तिथला धूर घरभर फिरायचा. मग कुणीतरी शक्कल लढवली. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत विटा-मातीची मोठी भट्टी बांधायची, पण तिचे तोंड मात्र भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात किंवा बोळात ठेवायचे. लाकडे तिकडून सारायची, राख तिकडूनच काढायची. खोलीत येते ती फक्त ऊब. धूर नाही, काजळी नाही. ही ऊब पळून जाऊ नये म्हणून खोलीला आतून लाकडाचे अस्तर लावले. भिंतींना फळ्या, पायाखाली फळ्या, वर तक्तपोशी. छत मुद्दाम ठेंगणे ठेवले, खिडक्या लहान ठेवल्या. दोन भिंतींना लागून बाक, त्यांच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावरच्या कोनात कॅथलिक घर असेल तर क्रूस, आणि तिरक्या रेषेत समोरच्या कोपऱ्यात भट्टी. हिवाळ्यातले अर्धे वर्ष सगळे कुटुंब इथेच. जेवण, सूतकताई, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा, सगळे याच खोलीत चाले. आपल्याकडच्या वाड्यातले माजघर जसे घराचा गाभा असते, तशी ही खोली.

म्हणजे श्टुबेमध्ये लाकडाला एक जोडीदार आहे. माती-विटांची भट्टी ऊब साठवते आणि तासन्‌तास सोडत राहते. लाकूड ती बाहेर जाऊ देत नाही. स्प्रूससारखे लाकूड ग्रॅनाइटच्या मानाने सुमारे वीसपट कमी उष्णता वाहून नेते. म्हणून बर्फातून आलेल्या माणसाने दगडी भिंतीला हात लावला तर ती हातातली ऊब ओढून घेते, फळीला लावला तर फळी लगेच कोमट भासते. पण लाकडाच्या अंगी ऊब साठवून ठेवण्याची ताकद बेताचीच. ते काम दगड आणि मातीच करू जाणे. ही जोडी ज्या हॉटेलाने ओळखली, त्याची खोली जमली. ज्याने नुसते लाकूड उचलले, त्याच्या हाती फक्त देखावा लागला.

क्रुमबाखहून हिट्टिसाउ बसने थोड्याच अंतरावर. गावचा चौक, चर्च, आणि चौकातच १८३८ साली बांधलेले ‘क्रोने’ नावाचे खाणावळ-हॉटेल. बाहेरून ते या खोऱ्यातल्या कुठल्याही जुन्या मोठ्या घरासारखे दिसते. भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या छोट्या लाकडी चिपा आहेत. ऊन-पावसाने त्यांचा रंग करडा-चंदेरी झालेला. आतल्या खोल्या बर्नार्डो बाडर या तरुण पिढीतल्या वास्तुकाराने नव्याने केल्या आणि त्यांचे काम परिसरातल्याच सुतार, गादीवाले, दिवे करणारे यांच्याकडून करून घेतले. याच बाडर यांना आल्टाख गावातल्या मुस्लिम दफनभूमीच्या रचनेसाठी २०१३ चा आगाखान पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत, मक्केकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी, कलावंत आझ्रा आक्शामिया यांनी धातूच्या जाळीवर लाकडी चिपा बसवल्या आहेत. खोऱ्यातल्या घरांवरची चीप अशी थेट प्रार्थनास्थळात जाऊन पोहोचली.

क्रोनेच्या खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो डोळ्यांना मिळणारा विसावा. फुलाफुलांचे पडदे नाहीत, हरणांची शिंगे नाहीत, हृदयाच्या आकाराची भोके पाडलेल्या खुर्च्याही नाहीत. आल्प्सच्या नावाखाली पर्यटकांना जे जे विकले जाते, त्यातले काहीच नाही. पलंग, कपाट, बाक, सगळे सरळ रेषेचे, आणि प्रत्येक जोड जवळून न्याहाळावा असा.

या खोऱ्यातल्या सुतारांचे लाडके लाकूड म्हणजे पांढरा फर. स्प्रूस, पाइन किंवा लार्च यांच्या लाकडात राळेच्या नलिका असतात. फरच्या लाकडात त्या नसतात. त्यामुळे राळ पाझरत नाही, वॉर्निश लावावे लागत नाही. नुसते रंधून, साबणाच्या पाण्याने पुसून ते वर्षानुवर्षे वापरता येते. जवळून पाहिले तर फळीवर बारीक, सरळ रेषा दिसतात; हंगामाच्या सुरुवातीच्या झटपट वाढीची फिकट पट्टी आणि हंगामाच्या शेवटच्या वाढीची गडद रेघ, पुन्हा फिकट, पुन्हा गडद. तळव्याला त्या रेघा हलक्याशा उंच लागतात, कारण पुसून पुसून मऊ भाग आधी झिजतो. चकचकीत पॉलिशखाली हे सारे दडपून गेले असते. बिनरंगी फरची जमीन अनवाणी चालायलाच केलेली आहे असे वाटते, आणि इथल्या कित्येक घरांत लोक तशीच चालतात.

एवढे चांगले सुतार एका खोऱ्यात कसे जमले? इतिहास जुना आहे. याच खोऱ्यातल्या आउ गावात १६५७ साली बांधकाम करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. तिथले गवंडी आणि सुतार दर उन्हाळ्यात दक्षिण जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये जात, बरोक शैलीची चर्चेस आणि मठ बांधत, थंडीला घरी परतत. संघाने मुलांना चित्रकाम आणि भूमिती शिकवली. आजची संघटना १९९९ साली सुरू झाली. ‘वेर्कराउम ब्रेगेंत्सरवाल्ड’ तिचे नाव. सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, भट्टी बांधणारे, सगळे तिचे सभासद. आंडेल्सबुख गावात २०१३ साली तिचे घर उभे राहिले. रचना पेटर झुमटोर यांची. प्रचंड मोठे काळे लाकडी छप्पर, खाली काच आणि आत सभासदांनी केलेल्या वस्तू. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही गावाचे कसब दिसावे, एवढी साधी त्यामागची इच्छा. तालुक्याच्या गावातल्या सुतारांनी एकत्र येऊन जगप्रसिद्ध वास्तुकाराकडून आपले घर बांधून घ्यावे, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

झुमटोर यांच्या मागोमाग प्रवासी ग्राउब्युंडेनमध्ये पोहोचतो. इलान्त्सपर्यंत ऱ्हेशियन रेल्वेची लाल गाडी, पुढे पिवळी पोस्टबस, आणि दरीच्या टोकाला फाल्स हे गाव. झुमटोर यांचा जन्म १९४३ चा, बाझेलचा. वडील सुतार; त्यांच्याच कारखान्यात मुलगा फर्निचर करायला शिकला आणि नंतर वास्तुकार झाला. २००९ साली त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. फाल्समधले त्यांचे उष्ण झऱ्याचे स्नानगृह १९९६ साली खुले झाले आणि अवघ्या दोन वर्षांत त्याला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. ते दगडाचे आहे. गावाजवळच्याच खाणीतल्या क्वार्टझाइटच्या सुमारे ६० हजार लाद्या एकावर एक रचून त्याच्या भिंती केल्या. आत अंधूक उजेड, पाण्याची वाफ आणि दगडावर आपटून येणारा आवाज. दगडाला ऊब दिली की तो काय करू शकतो, हे इथे अंगाला कळते.

पण लाकडासाठी आणखी वर चढायला हवे. फाल्सच्या वरच्या अंगाला, १५०० मीटरपेक्षा थोड्या जास्त उंचीवर, लाइस नावाची मूठभर घरांची वाडी आहे. तिथे २००९ साली झुमटोर यांनी दोन घरे बांधली, ओबरहूस आणि उंटरहूस. पत्नीला लाकडाच्या घरात राहायचे होते, हे त्याचे निमित्त. ही घरे प्रवाशांना राहायला भाड्याने मिळतात.

लाइसच्या घरांची पद्धत जुनी आहे. भरीव लाकडाच्या तुळया आडव्या, एकीवर एक रचायच्या आणि कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकींत अडकवायच्या. वेगळे अस्तर नाही. जी भिंत बाहेर दिसते तीच आत. यात एक मोठी अडचण असते आणि ती ठाऊक असल्याशिवाय या घरांचे मोल कळत नाही. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या दिशेने चांगलेच आकसते. तुळया आडव्या रचलेल्या असल्याने आख्खी भिंत पहिल्या काही वर्षांत खाली बसते, मजल्यामागे काही सेंटिमीटर. खिडकीची चौकट मात्र बसत नाही. म्हणून सुतार चौकटीच्या वर फट सोडून ठेवतो, जिने आणि नळ सरकते ठेवतो. जुन्या माणसांनी खिडक्या लहान ठेवल्या त्याला थंडीइतकेच हेही कारण. झुमटोर यांनी याच पद्धतीत भल्याथोरल्या खिडक्या बसवल्या आहेत. टेबलाशी बसले की समोर सगळी दरी. घर बसत जाणार हे धरून प्रत्येक जोडाचा हिशेब आधी झाला आहे, तेव्हा कुठे हे मोकळेपण मिळाले. फाल्सच्या दगडी पाण्यात दुपार घालवून संध्याकाळी लाइसच्या लाकडी खोलीत परतणे, हा या सबंध वाटेवरचा सर्वांत सुंदर दिवस ठरावा.

तिथून एंगाडिनला जायला १९९९ साली सुरू झालेला व्हेराइना रेल्वे-बोगदा आहे, सुमारे १९ किलोमीटरचा. बोगद्याच्या पलीकडे गाडी बाहेर पडते ती वेगळ्याच देशात आल्यासारखी. भाषा रोमांश, आणि घरे दगडाची. जाडजूड पांढऱ्या भिंती, त्यांत नरसाळ्यासारख्या आत निमुळत्या होत जाणाऱ्या खोल खिडक्या, आणि गिलाव्यावर कोरलेली नक्षी. गडद थरावर चुन्याचा पांढरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा रंग उघडा करायचा, अशी ही कारागिरी. ग्वार्दा गावात ती डोळे भरून पाहता येते. १९३९ ते १९४५ या काळात याखेन उलरिख केन्त्स या वास्तुकाराने हे गाव नीट दुरुस्त केले. त्याची पत्नी झेलिना हिने ‘शेलेन-उर्स्ली’ हे बालपुस्तक लिहिले आणि अलोइस कारिजिएट यांच्या चित्रांनी ते अजरामर केले. १९७५ मध्ये ग्वार्दाला वारसा जपल्याबद्दल वाकर पारितोषिक मिळाले.

एंगाडिनच्या घराचा दरवाजा मोठा, कमानदार. गवताने भरलेली गाडी त्यातून थेट आत यायची, मधल्या प्रशस्त दालनातून पार मागच्या गवताच्या कोठाराकडे जायची. हे दालन थंडगार, दगडी. त्याच्या बाजूचे एक जाड दार उघडले, वाकून आत पाऊल टाकले, की माणूस लाकडी पेटीत शिरतो. हीच ‘श्टूवा’, रोमांश लोकांची श्टुबे. दगडाच्या कवचात बसवलेली संपूर्ण लाकडाची खोली. भट्टीच्या वर छताला एक झडप असते. ती उघडली की ऊब वरच्या झोपायच्या खोलीत चढते, आणि रात्री मुले त्याच वाटेने वर जात.

आणि वास. श्टूवात शिरणाऱ्याला प्रथम तो गाठतो. गोडसर, राळेचा, किंचित लिंबासारखा. हे लाकूड आर्वे नावाच्या पाइनचे. वाढ इतकी संथ की माणसाच्या दोन पिढ्यांत झाड जेमतेम डौलदार होते. जंगलाच्या अगदी वरच्या सीमेवर, जिथे दुसरी झाडे हार मानतात, तिथे ते उभे असते. एंगाडिनच्या स्चार्ल दरीत तामांगूर नावाचे आर्वेचे वन आहे. ते सुमारे २३०० मीटर उंचीपर्यंत पसरले आहे, आणि युरोपातले सर्वांत उंचावरचे आर्वेचे सलग वन म्हणून ओळखले जाते.

आर्वेचे बी जड असते, वाऱ्यावर उडत नाही. ते पेरण्याचे काम करतो नटक्रॅकर नावाचा ठिपकेदार पक्षी. तो हिवाळ्याच्या बेगमीसाठी हजारो बिया जागोजागी पुरून ठेवतो आणि बर्फाखालूनही बहुतेक शोधून काढतो. ज्या सापडत नाहीत, त्यांतून नवी झाडे येतात. एके काळी हा पक्षी बिया खाऊन जंगल बुडवतो, असे समजून त्याला मारत असत. आज एंगाडिनच्या प्रत्येक श्टूवाचे मूळ त्याच्या विसरण्यात आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आर्वे मऊ असते, कोरायला सोपे. गाठी लालसर आणि इतक्या घट्ट की वाळल्यावरही गळून पडत नाहीत, म्हणून सुतार त्या लपवत नाहीत. नव्या फळीचा रंग फिका. शंभर वर्षांनी तो मधासारखा, आणखी शंभर वर्षांनी तपकिरी. लाकडात पिनोसिल्व्हिन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे कसर लागत नाही. धान्याच्या पेट्या, पाळणे, कपड्यांच्या पेटाऱ्या याच लाकडाच्या करत. आता हॉटेले आर्वेच्या पलंगाची जाहिरात करतात, त्यावर झोपले की हृदयाचे ठोके मंदावतात असे सांगतात. ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेने तसे निष्कर्ष काढले होते हे खरे, पण ते थोड्याच लोकांवर केलेल्या चाचण्यांतून. पाहुण्याने ठोके मोजत बसू नये. त्या वासात शांत झोप लागते, आणि एवढ्यासाठी तो पलंग पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटनाचा पैसा एंगाडिनमध्ये आला, तशा या खोल्या विकल्या जाऊ लागल्या. खोली सुटी होते, फळ्यांवर क्रमांक घालून पेट्यांत भरता येते, आणि दूरच्या श्रीमंताच्या बंगल्यात पुन्हा बसवता येते. रिएट कांपेल या संग्राहकाला ते पाहवले नाही. त्याने मिळतील तितक्या खोल्या विकत घेतल्या आणि निकोलाउस हार्टमन या वास्तुकाराकडून त्यांच्यासाठी एक घरच बांधून घेतले. सेंट मॉरिट्झमधले ते संग्रहालय १९०६ साली उघडले. तिथे एका दारातून दुसऱ्या दारात जाताना शतके बदलतात. एक खोली शेतकऱ्याची, साधी, काळवंडलेली. पुढची सरदाराची, तक्तपोशीवर कोरीव काम, भट्टीवर रंगीत फरशा. हॉटेलात रात्र काढण्याआधी हे संग्रहालय जरूर पाहावे. नजर तयार होते.

तयार नजर लागते, कारण आल्प्समध्ये सध्या जुन्या लाकडाचे वेड आहे. गवताची जुनी कोठारे वापरातून गेली. उन्हाने भाजून काळपट झालेल्या त्यांच्या फळ्यांना भाव आला. व्यापारी कोठारे उतरवून घेतात, फळ्या तापवून लाकूड पोखरणारे किडे मारतात, ब्रशने घासतात आणि पंचतारांकित हॉटेलांना विकतात. मागणी इतकी की नव्या लाकडाला वाफ देऊन, ओरबाडून जुने रूप देण्याचाही धंदा चालतो. मग स्वागतकक्ष, बार, लिफ्ट, सगळीकडे त्याच फळ्या. टकटक करून पाहावे: मागे जिप्समचा तक्ता, आणि फळीची जाडी बोटाएवढीही नाही. ही फळी काहीच तोलत नाही, काहीच राखत नाही. कोठार मात्र कुरणातून नाहीसे झालेले असते. जे लाकूड उभे होते तिथे अजून दोनशे वर्षे उभे राहिले असते, ते भिंतीवरच्या कागदासारखे वापरणे हा अपमान आहे. त्या लाकडाचा, आणि ज्याने ते रचले त्या शेतकऱ्याचाही.

नव्या लाकडाची टंचाई असती तर गोष्ट वेगळी. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर ‘वाया’ नावाच्या वादळाने ईशान्य इटलीत सुमारे १ कोटी ४० लाख झाडे आडवी केली. त्यांत व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या स्प्रूसच्या वनांचाही भाग होता. त्यानंतर साल पोखरणाऱ्या किड्याने उभी झाडे वाळवली. दक्षिण तिरोलच्या कितीतरी उतारांवर आजही तपकिरी पट्टे दिसतात. लाकूड दाराशी पडून आहे.

एंगाडिनमधून दक्षिण तिरोलला जाणारी पोस्टबस त्सेर्नेत्सहून निघते, १९१४ साली स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानातून ओफेन खिंड चढते आणि पलीकडे इटलीत माल्स गावी उतरते. माल्सहून मेरानोची रेल्वे; ती बंद पडली होती, २००५ साली पुन्हा सुरू झाली. खिडकीतून दिसतात सफरचंदाच्या बागा. हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, घराघरात अजून जर्मन बोलतात.

मेरानोजवळच्या लाना गावातून १९१२ साली सुरू झालेला रज्जुमार्ग विगिलयोखवर जातो. वर १५०० मीटरवर ‘विगिलियुस’ हे हॉटेल आहे, आणि पाहुण्यांना तिथे पोहोचायला हा पाळणा हीच वाट. २००३ साली ते मात्तेओ थून यांच्या रचनेतून उभे राहिले. थून बोल्झानोचे, १९८१ मध्ये मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास यांच्याबरोबर ‘मेम्फिस’ गट काढणाऱ्यांपैकी एक. प्लॅस्टिकच्या झगझगीत रंगांनी जगाला दचकवणाऱ्या त्या गटातला माणूस आपल्या डोंगरात परतला, आणि त्याने रंगाला हातही लावला नाही.

इमारत लांबट, कमी उंचीची, छतावर गवत. दर्शनी भागावर लार्चच्या आडव्या पट्ट्या. ऊन वाढले की त्या फिरवून सावली करता येते. लार्च हा युरोपातला हिवाळ्यात पाने गाळणारा एकमेव सूचिपर्णी वृक्ष, आणि त्याचे लाकूड बाहेर उघड्यावर टिकते. रंग लावावा लागत नाही. काही वर्षांत ते चंदेरी होते, आणि आसपासच्या जुन्या घरांशी जुळून जाते. उष्णता येते ती लाकडाच्या ढलप्या जाळणाऱ्या बॉयलरमधून.

खोलीत मात्र सर्वांत जास्त वेळ रेंगाळावे ते एका भिंतीपाशी. झोपायची जागा आणि न्हाणीघर यांच्या मध्ये ही भिंत आहे, मातीची. ती आतून तापवलेली असते. बाकी सगळी खोली लाकडाची. जमीन, छत, पलंग. एकटी ही भिंत खडबडीत, थर दिसणारी, जड. लाकडाला जमत नाही ते ऊब साठवण्याचे काम ती करते, आणि न्हाणीघरातली दमट हवा शोषून हळूहळू परत सोडते. पाठ टेकून बसले की कळते, ही तर श्टुबेतली भट्टीच आहे. तिचे तोंड तेवढे दिसेनासे झाले, बाकी सगळे जागच्या जागी आहे. थून यांनी शिंगे, कोरीव बाक, रंगीत फरशा असले काहीच घेतले नाही. घेतली ती लाकूड आणि मातीची जोडी. पुढच्या दोन दशकांत अनेकांनी त्यांच्या लार्चच्या पट्ट्यांची नक्कल केली. मातीच्या भिंतीची नक्कल करणारे थोडे निघाले, आणि ते फार वाईट झाले.

शेवटचा मुक्काम ब्रिओलला करावा. बोल्झानोच्या उत्तरेला, आइझाक दरीच्या उतारावर, ड्रायकिर्खेन म्हणून एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या तीन छोट्या जुन्या चर्चेसची जागा आहे. तिच्याही वर, सुमारे १३०० मीटरवर, हे पाहुणेघर. हाइनरिख सेत्तारी या बोल्झानोच्या व्यापाऱ्याने पत्नी योहान्नाला प्रत्येक बाळंतपणानंतर इथे जमिनीचा एकेक तुकडा दिला, आणि मुले झाली पंधरा, अशी घराण्यात सांगतात ती कथा. १९२८ साली कुटुंबातल्याच ह्यूबर्ट लान्त्सिंगर या चित्रकाराने जुने घर बदलून त्याला आजचे रूप दिले. पुढे याच माणसाने चिलखतातल्या, घोड्यावर बसलेल्या हिटलरचे कुप्रसिद्ध चित्र काढले. ते आता अमेरिकी लष्कराच्या संग्रहात आहे. ब्रिओलची रचना करणारा हात तोच, हे वाचल्यावर प्रवासी थबकतो, आणि थबकायलाच हवे.

घर मात्र अप्रतिम आहे. बाहेरून पांढऱ्या पेटीसारखे, आत लाकूड. पलंग, टेबले, खुर्च्या, सगळे लान्त्सिंगर यांनीच आखले, काटकोनात, एकही वळण नाही. विशेष हे की त्यानंतर कुणी ते बदलले नाही. बहुतेक जुन्या हॉटेलांत दर वीस वर्षांनी नवा मालक नवा सजावटकार आणतो. ब्रिओलच्या जेवणाच्या खोलीत टेबलाच्या कडा जवळजवळ शंभर वर्षांच्या हातांनी गोल झाल्या आहेत, जमिनीच्या फळ्या दारापाशी आणि खिडकीपाशी जास्त झिजल्या आहेत, म्हणजे माणसे कुठे उभी राहतात ते लाकडावर वाचता येते. खोल्यांत नळ नाही. हात-तोंड धुवायला चिनी मातीचे भांडे आणि पाण्याचा जग. टीव्ही नाही. बाहेर गोल आकाराचा पोहण्याचा तलाव आहे, तोही त्याच काळातला, आणि त्याचे पाणी उन्हाळ्यातही थंडच.

ब्रिओलला जायचे तर ब्रेनर मार्गावरच्या वाइडब्रुक स्टेशनवर उतरून बसने बारबियान गाठावे. तिथून खासगी मोटारी वर जात नाहीत. सामान जीपने पाठवावे आणि स्वतः पायवाट धरावी. कुरणे आणि लार्चच्या सावलीतून, तीन चर्चेसजवळून जाणारी ही चढण तासाभराची. पाहुणेघर हिवाळ्यात बंद असते आणि खोल्या मोजक्याच आहेत, त्यामुळे आरक्षण बरेच आधी करावे लागते. स्नानगृहे मजल्यावर सामाईक आहेत.